‘काय झालंय मला?’

आमच्याकडे साठी ओलांडलेल्या माणसाला ‘तब्येत कशी आहे’ म्हणून विचारलं, तर तो आपल्यालाच विचारतो, ‘काय झालंय मला?’ भोकरदन तालुक्यात, राजूरपासून दोन कोसांवर माझं गाव आहे. तिथे हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. वडिलांच्या तोंडून ऐकलं, चुलत्यांच्या तोंडून ऐकलं, आणि गेल्या पावसाळ्यात माडीच्या पायऱ्या चढताना धाप लागली म्हणून सुनेनं विचारलं, तेव्हा तेच शब्द माझ्याही तोंडून निघाले. मी ३३ वर्षं जिल्हा परिषदेचा आरोग्यसेवक होतो. लोकांना तब्येत विचारणं हेच माझं काम होतं. तरीही निघाले. त्या दिवसापासून हे तीन शब्द माझी पाठ सोडत नाहीत.

जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला आणि १९८३ मध्ये मी नोकरीला लागलो. लोक आम्हाला ‘मलेरियावाले’ म्हणायचे. ताप आलेल्या माणसाचं बोट टोचायचं, काचपट्टीवर रक्त घ्यायचं, क्लोरोक्वीनच्या ४ गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या आणि भिंतीवर तारीख टाकून पुढच्या घरी जायचं. सकाळी दहाच्या सुमाराला घरात बाया आणि लेकरं भेटत. बाप्ये शेतात, म्हातारे मारुतीच्या पारावर. ‘घरात कुणाला ताप?’ याचं उत्तर बाई देई, आणि पारावर बसलेल्या सासऱ्याचं उत्तरही तीच देई, ‘ते चांगले हायेत.’ मी रजिस्टरात तसं लिहीत असे. पारापाशी थांबायचो ते रामराम घालण्यापुरता. तिथे बसून एखाद्याचा रक्तदाब मोजावा, हे ३३ वर्षांत मला कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

म्हातारे खोटं बोलतात असं नाही. त्यांचं माप वेगळं आहे. दोन भाकरी जातात का, पाय बांधापर्यंत नेतात का, बैलाला दावं बांधताना हातात जोर आहे का, अंगारकीला राजूर पायी झालं का. एवढं होत असेल तर माणूस चांगला. आमचे थोरले चुलते ७६ वर्षांचे असताना जालन्याहून राजूरला चालत आले, जवळजवळ २५ किलोमीटर. त्यानंतर सहा महिने कुणीही तब्येत विचारली की ते राजूरचं नाव घेत. पायांवर सूज होती, ती धोतराच्या सोग्याखाली झाकली जायची.

या मापामागे १९७२ चा दुष्काळ आहे. आज पंचाहत्तरीच्या आसपास असलेला आमचा माणूस तेव्हा ऐन उमेदीत होता. त्यानं खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, सुकडीवर दिवस काढले. मी १४ वर्षांचा होतो आणि आईबरोबर कामावर जायचो. दगडाची कपची उडून भुवई फुटलेला माणूस फडकं बांधून पुन्हा हातोडा उचलायचा, हे मी पाहिलंय. ज्या शरीरानं ते सोसलं, त्याला ‘तुमचा बीपी १८० आहे’ म्हटलं तर त्यात आजार दिसत नाही. दुखत नाही, रक्त येत नाही, काम अडत नाही. रक्तदाबाचा घात इथेच आहे. १४०/९० च्या वर राहिलेला दाब वर्षानुवर्षं काही बोलत नाही. आतल्या आत धमन्या कडक होत जातात, हृदयाची भिंत जाड होते, मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आणि पहिली खूण म्हणून एका सकाळी अर्धं अंग जातं. मग पारावर सगळे म्हणतात, ‘काल तर चांगला होता.’

आजारी म्हणवून घेण्याची किंमतही त्याला ठाऊक असते. ‘बाबांना आता होत नाही’ असं घरात एकदा ठरलं की कपाशीचं कोणतं बियाणं आणायचं, मका कधी विकायची, हे विचारायला कुणी त्याच्याजवळ येत नाही. सातबारा त्याच्या नावावर राहतो, पण शब्द जातो. लेक आणि सून ऊसतोडीला गेले असतील तर नातवंडं, शेळ्या, घर सगळं त्याच्या अंगावर असतं. त्याला आजारी पडायला सवडच नसते. जालन्याची एक खेप म्हणजे दिवस मोडतो, सोबतीला माणूस लागतो, त्या माणसाचा रोज बुडतो. हा हिशेब तो मनातल्या मनात करून टाकतो आणि आपल्याला फक्त शेवटचं वाक्य ऐकू येतं.

अजून एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल आमच्या गावात आजही कुणी मोकळेपणानं बोलत नाही. आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतल्या ६० लाखांहून अधिक पुरुषांच्या होत्या. त्या हिवाळ्यात माझे वडील, आमचे अण्णा, रात्री घरी झोपत नसत. ज्वारीच्या रानातल्या माळ्यावर झोपत. गावात जीप शिरली की पोरं ओरडत रानाकडे पळत आणि बाप्ये ओढ्यात उतरत. मी १८ वर्षांचा होतो, अण्णांची भाकर फडक्यात बांधून मीच नेऊन द्यायचो. सात वर्षांनी आरोग्य खात्याचा नेमणुकीचा कागद घेऊन मी घरी आलो, तेव्हा अण्णांनी तो हातात घेतला, मागून-पुढून पाहिला आणि एवढंच म्हणाले, ‘त्यांच्यात गेलास व्हय?’

आणीबाणी संपली आणि कुटुंबनियोजनाचा सगळा भार बायकांवर गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पुरुष नसबंदीवर भिस्त असलेली जोडपी हजारात तीन निघाली. गावातलं सरकारी आरोग्य म्हणजे नर्सबाई, अंगणवाडीताई आणि २००५ नंतर आशाताई असं झालं. या बायांनी बाळंतपणं सुखरूप केली, लसी पोचवल्या, त्यांचे गावावर उपकार आहेत. पण पुरुषाचं खात्याशी नातं त्या जीपपाशी तुटलं, ते पुन्हा जोडायला कुणी गेलं नाही. आम्ही मलेरियावाले बोट टोचून निघून जात होतो.

अण्णांचं सांगायला हवं. १९९८ च्या उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या रात्री त्यांची लघवी तुंबली. पोट मडक्यासारखं ताठ झालं, माणूस घामानं भिजला, आणि तरीही ‘शेजारी उठवू नका’ म्हणत होता. पहाटे जीप करून जालन्याला नेलं, नळी घातली, तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावरची शीर उतरली. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. प्रोस्टेटची गाठ वाढली होती. ती मूत्रमार्गाला वेढून असते. वाढली की वाट अरुंद होते, मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, आणि साचलेल्या लघवीचा दाब उलटा मूत्रपिंडांवर चढत राहतो. डॉक्टर म्हणाले, ‘त्रास किती दिवसांपासून होता?’ मला सांगता आलं नाही. मी आरोग्य खात्याचा माणूस, त्याच घरात राहणारा, उन्हाळ्यात त्यांच्याच शेजारी अंगणात झोपणारा.

परतीच्या वाटेवर एकेक आठवत गेलं. दोन वर्षांपासून ते दिवेलागणीनंतर पाणी पीत नव्हते. एसटीनं लग्नाला जाणं त्यांनी सोडलं होतं, ‘आता मला काय अक्षता टाकायची हौस राहिली’ म्हणायचे. कीर्तनात पुढे बसणारा माणूस मागे दाराशी बसायला लागला होता. रात्री चार-चार, पाच-पाच वेळा दाराची कडी वाजायची आणि आम्ही कूस बदलून म्हणायचो, म्हाताऱ्या माणसाला झोप नसते. यांतल्या एकाही गोष्टीला त्यांनी आजार म्हटलं नाही, आम्हीही म्हटलं नाही. आम्ही सगळेच त्याला वय म्हणत होतो. दोन वर्षं आधी कळतं तर गोळ्यांवर किंवा एका शस्त्रक्रियेवर निभावलं असतं. तोवर मूत्रपिंडं निकामी होत आली होती. पुढे ते १४ महिने जगले. एकदा पाय चेपताना मी विचारलं, ‘अण्णा, मला का नाही सांगितलं?’ ते म्हणाले, ‘तुला कसं सांगावं? तू पोरगा हायेस. आन् वरून दवाखान्याचा.’

आईच्या तक्रारी मात्र सगळ्या गल्लीला पाठ होत्या. त्यावरून लोक म्हणायचे, आजही म्हणतात, की बाप्या माणसाचा स्वभावच असा, तो सांगत नाही. मला हे पटत नाही. बंगालच्या मोठ्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये कलकत्त्याजवळ सिंगूर भागात एक आरोग्य पाहणी झाली होती. अमर्त्य सेन यांनी पुढे ती आपल्या लेखनातून जगासमोर आणली. त्या पाहणीत आपण आजारी आहोत किंवा प्रकृती यथातथा आहे, असं ४८.५ टक्के विधुरांनी सांगितलं, आणि विधवांमध्ये असं सांगणाऱ्या होत्या फक्त २.५ टक्के. तिथे पुरुष बोलत होते आणि बायका गप्प होत्या. म्हणजे गप्प बसणं पुरुषाच्या रक्तात नाही. सेन यांना त्यात बायकांच्या अंगवळणी पडलेलं सोसणं दिसलं. मला माझ्या कामामुळे त्याच्या शेजारी आणखी एक दिसतं, की आपलं ऐकायला कुणी आहे असं ज्याला वाटतं तोच बोलतो. आज आशाताईच्या वहीत आजीचे गुडघे, आजीची चक्कर असं सगळं येतं, कारण ती वही आजीच्या चुलीपर्यंत जाते. आजीवर पुढे उपचार होतातच असं नाही, ते दुःख वेगळं. पण वही पारापर्यंत जात नाही.

सेन यांनीच २००२ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं होतं, की केरळातली माणसं तेव्हा देशात सर्वांत जास्त जगत होती आणि आपण आजारी असल्याचंही तीच जास्त सांगत होती. बिहारमध्ये आयुष्यही कमी आणि तक्रारीही कमी. आमच्या आरोग्य केंद्रांची ओपीडीची रजिस्टरं वाचणाऱ्यांनी हे डोळ्यांसमोर ठेवावं. तिथे म्हाताऱ्या पुरुषांची नावं कमी दिसली तर ते निरोगी आहेत असा अर्थ काढू नये.

मात्र माणसाचं स्वतःच्या शरीराबद्दलचं मत अडाणीपणाचं म्हणून मोडीतही काढता येत नाही. एलेन आयडलर आणि याएल बेन्यामिनी या दोन संशोधक बायांनी १९९७ मध्ये निरनिराळ्या देशांतले २७ अभ्यास एकत्र तपासले. ‘तुमची तब्येत कशी आहे’ या एका साध्या प्रश्नाला ‘वाईट’ असं उत्तर देणारी माणसं, त्यांचे तपासणीत सापडलेले आजार हिशेबात धरल्यानंतरही, जवळजवळ सगळ्याच अभ्यासांत लवकर गेलेली आढळली. मला हे कळलं तेव्हा थोरले चुलते आठवले. वर्षानुवर्षं राजूरचं नाव घेणारा तो माणूस एका पोळ्याच्या दिवशी बैल सजवताना खाली बसला आणि म्हणाला, ‘आता काई राम राह्यला नाई.’ आम्ही म्हणालो, ‘असं काय बोलता, बापू?’ आणि कामाला लागलो. दिवाळी त्यांनी पाहिली नाही. जन्मभर ‘बरंय’ म्हणणारा माणूस ज्या दिवशी उत्तर बदलतो, त्या दिवशी त्याला धीर देत बसू नका. गाडी काढा.

योजनांची ओरड मी करणार नाही, योजना आहेत. सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून ५ लाखांच्या उपचारांचं कार्ड आलं. पंचाहत्तरीपुढे एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे. त्याच २०२४ मध्ये जालन्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. पण ते कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं. रोजच्या बीपीच्या गोळीला आणि शुगरच्या तपासणीला ते चालत नाही. पडल्यावर उचलायची सोय झाली आहे. मला पडण्याच्या आधीचं बोलायचं आहे.

तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई भरते. तंबाखू खाता का, दारू पिता का, असं विचारत टेपनं कमरेचा घेरही मोजायचा असतो. आशाताई बहुतेक वेळा गावचीच सून. सासऱ्याच्या वयाच्या, ज्याच्यापुढे तिनं डोईवरचा पदर ढळू दिला नाही, अशा माणसाच्या कमरेला ती टेप कशी लावणार? आणि तो तिला लघवीचं, अंतर्गळाचं, हायड्रोसीलचं कसं सांगणार? दोष तिचा नाही आणि त्याचाही नाही. हे काम पुरुष आरोग्यसेवकाचं आहे. जिथे त्याचं पद रिकामं असेल तिथे ते भरावं, आणि त्याला घरोघर पाठवण्याऐवजी पारावर, बाजाराच्या दिवशी बाजारात, न्हाव्याच्या दुकानाबाहेर, कापसाच्या वजनकाट्यापाशी बसवावं.

हे होऊ शकतं, याचा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. मोतीबिंदूला आमचा म्हातारा नकार देत नाही. जालन्याच्या गणपती नेत्रालयाचं नाव त्याला पाठ असतं. कारण डोळा गेला की बैल दिसत नाही, नोट ओळखू येत नाही, काम थांबतं. तपासणीचं शिबिर त्याच्या दारापाशी येतं. आणि पट्टी सुटली की गुण समोर दिसतो. म्हणजे तो दवाखान्याला घाबरत नाही. त्याच्या मापात बसणारी गोष्ट, त्याच्या वाटेवर आणून दिली तर तो हात पुढे करतो. बीपीची गोळी पंधरा-पंधरा दिवसांची देऊन खेटे घालायला लावण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांची एकदम दिली, तर ती मध्येच सोडणारे निम्मे तरी सोडणार नाहीत, असा माझा अनुभव सांगतो. आणि ‘बीपी बरोबर आला, आता गोळी बंद’ असं ठरवणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं, की बरोबर आला तो गोळीमुळेच आला.

मुख्य म्हणजे प्रश्न बदलायला हवेत. ‘तब्येत कशी?’ हा प्रश्न आमच्याकडे रामरामासारखा आहे, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. गेल्या वर्षापासून दर शनिवारी मारुतीची आरती झाली की मी बीपीचं यंत्र घेऊन पारावर बसतो. तब्येत विचारत नाही. बांधावर जाताना मागच्या साली कुठं बसत होता आणि औंदा कुठं बसता, असं विचारतो. एका दमात किती पायऱ्या होतात, उशी एक लागते की दोन, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही असं होतं का, रात्री कडी किती वेळा वाजते. माणसं विचार करून उत्तरं देतात. कामाची भाषा त्यांची आहे, तिच्यात त्यांना खोटं बोलता येत नाही.

आमच्या आळीतला एक माणूस आहे, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. जन्मभर सालदारकी केली, आता दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जातो. तीन शनिवार तो पाराच्या खाली उभा राहून नुसता बघत होता. चौथ्या शनिवारी मी बोलावलं तर म्हणाला, ‘काय झालंय मला?’ मी म्हणालो, ‘दादा, काही झालेलं नाही, बस.’ दाब १९०/११० निघाला. त्याला सांगितलं तर हसला आणि वेचणीचं फडकं खांद्यावर टाकून निघून गेला.

पुढच्या शनिवारी आरती संपायच्या आधीच तो येऊन बसला होता, बाही वर सारून. मी पट्टा गुंडाळत होतो, तेवढ्यात हळूच म्हणाला, ‘त्या दिशी तू त्या पाटलाला इचारलंस ना, रातच्याला कितीदा उठता म्हणून. मला नाई इचारलंस.’

‘कितीदा उठतोस?’

‘चार-पाच खेपा. सांजच्याला पाणीच पेत नाई आता मी.’

पट्ट्यातली हवा सोडून मी तसाच थोडा वेळ बसून राहिलो. मग सोमवारी दोघांनी मिळून जालन्याला जायचं ठरवलं. तो म्हणाला, दुसरी वेचणी उरकली की जाऊ. मी म्हणालो, सोमवारीच.